दोन देशांची तुलना आणि एक जागा

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरचे उपसंचालक आणि पाहुणे, समोर बसलेले शास्त्रज्ञ, आणि खुर्च्या असूनही सवयीने भिंतीला टेकून उभे असलेले माझे तंत्रज्ञ सहकारी,

अध्यक्षमहाशय, तुम्ही इथे नवे होता, तेव्हाची एक दुपार आठवते? निर्वात पंप बंद पडला होता आणि आपण दोघं जमिनीवर बसून, एकाच पुड्यातली बिस्किटं खात, तो गार व्हायची वाट बघत होतो. "बाई, हा परत सुरू होईल ना?" असं तुम्ही सारखं विचारत होता. तुमचा सगळा प्रबंध त्या पंपावर अडकला होता. झाला सुरू. पुढे तुम्ही संचालक झालात. पंप अजून पंपच आहे.

आज निवृत्तीच्या निमित्ताने माझं फारच कौतुक झालं. इतकी फुलं! घरी यजमान म्हणाले, "एवढं गोड बोलतायत, तर पर्स सांभाळ." चेष्टाच होती, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, शंका आली की हात वर करावा. आज करते.

गेल्या महिन्यात याच सभागृहात तुम्ही दोन देशांतल्या प्रयोगशाळांची तुलना दाखवलीत. तिकडे दहा संशोधकांमागे एक तंत्रज्ञ, आपल्याकडे चार. म्हणजे आपण जड झालो, असा निष्कर्ष. टाळ्याही पडल्या. मी त्या देशात राहून आले आहे, तुम्हीच पाठवलं होतं. तिथे पंपापाशी एक उंच बाई असायची. नखांत माझ्यासारखंच तेल. तिच्या बिल्ल्यावर मात्र 'संशोधन सहायक' लिहिलेलं. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी तिथल्याच खुंटीला कोट अडकवायचे, पण पगार यंत्र विकणाऱ्या कंपनीचा. तक्त्यात दोघंही तंत्रज्ञ नाहीत. आणि आपल्या चारांत कोण? चौकशी केली, तर ड्रायव्हर आणि बागेचे मामासुद्धा निघाले. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "बढती झाली, आणि मला कोणी बोललं कसं नाही?"

उपसंचालकांना विचारलं. ते म्हणाले, व्याख्या तिकडच्या आहेत. मग बाग इकडची कशी आली, असं विचारल्यावर त्यांनी माझ्या नव्या चष्म्याची स्तुती केली.

नजरचूक असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण काल माझ्या खोलीच्या दारावरची पाटी काढली गेली. त्याचं वाईट वाटलं नाही. स्क्रूची भोकं मात्र पुट्टीने बुजवून वर रंग मारलाय. नवी पाटी लावायची असेल, तर भोकं कोण बुजवतं?

माझ्यानंतर माझी ही तंत्रज्ञाची जागा तराजूताईंची आहे. सूक्ष्म वजनकाट्याची खोली त्या इतकी वर्षं करारावर सांभाळतायत, दरवर्षी नव्याने अर्ज करून. बाई निवृत्त झाल्या की तुम्हीच, असं त्यांना तुम्ही माझ्यासमोर सांगितलं होतंत. तिकडे असत्या, तर त्यांना बिल्ला वेगळा मिळाला असता. इथे त्या जादा ठरतात.

आपण सगळ्यांनी मला भरभरून प्रेम दिलंत, त्याची मी ऋणी आहे. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल, तर पदरात घ्या.

आता वाटणी. फुलं स्वागतकक्षातल्या ताईंना. माझं भिंग काचकाम करणाऱ्या दादांना. खिडकीतला रेडिओ कार्यशाळेतच राहू दे. स्टूल आणि एप्रन तराजूताईंना. त्यांना आणखी एक गोष्ट द्यायची आहे, पण ती माझ्या हातात नाही.

म्हणून हा माइक कृपया अध्यक्षमहाशयांना द्यावा.