सुई उचलली तरी गाणं चालूच

मी दौलताबादची. किल्ला बघायला कुठून कुठून लोक येतात, वर चढतात, धापा टाकतात, फोटो काढतात आन् खाली उतरून आमचे पेरू दाबून दाबून बघतात, घेत नाय. लहानपणी मी रस्त्याच्या कडंला पाटी घेऊन बसायची, तेव्हापासून शहरातल्या माणसाची मला काय लई इज्जत राहिली नाय बघा. नाव माझं मंगल. लग्न होऊन पडेगावच्या अंगाला आले, सासरची कोरडवाहू जमीन, आन् त्या वर्षांत पाऊस म्हणजे नुसतं आभाळ भरून यायचं आन् निघून जायचं. ज्वारी हातभर वाढून वाळायची. पण काय सांगू ताई तुम्हाला, त्याच वावरांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले, जिथं ज्वारी येत नव्हती तिथं लॉन्स आले, मंगल कार्यालयं आली. हिरवळ प्लास्टिकची. पंगतीला टँकरचं पाणी, तेबी हात आखडून वाढायचे, पण दारात डीजे पाहिजेच.

आमच्याकडं डीजे म्हणजे माणूस नसतोय, भिंत असती. गाडीवर एकावर एक रचलेले स्पीकर. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जमिनीचा तुकडा गेल्यावर पिकअप घेतली आन् तशी भिंत उभी केली. वाजवायला एक गडी ठेवला, सावलीतबी काळा चष्मा घालायचा. त्येचं काम काय, तर गाणं संपायच्या आत हॉर्न वाजवायचा, त्यावर स्वतःचंच नाव ओरडायचं आन् दुसरं लावायचं. एवढ्यावर लोक त्येला उस्ताद म्हणायचे. तर माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला हा उस्ताद आलाच नाय. बाया नटून बसलेल्या, मालक हातात वायरी घेऊन फोनवर फोन लावतेत. म्या म्हणलं सरका, बटनंच तर दाबायचीत. बसले लॅपटॉपवर. आन् झालं काय, गाडीवर बाई बसली म्हणल्यावर बघे टपोरी आपोआप पांगले, आन् ज्या बाया जन्मात नाचल्या नव्हत्या त्या पदर खोचून उठल्या. तेव्हापासून हळदीला लोक म्हणायला लागले, ती बाईच पाठवा.

शहरात, गुलमंडीच्या मागल्या गल्लीत यासीन चाचाचं दुकान होतं, जुने रेडिओ, रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करायचा. आमचा अ‍ॅम्प्लिफायर जळाला म्हणून तिथं गेले. चाचा म्हणे बजाता कौन, म्या म्हणलं मीच. म्हणे बटन दबाना अलग, बजाना अलग. तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं, राग आला, पण दुसऱ्या दिवशी परत गेले. मग जायलाच लागले, दुपारची, भाकऱ्या उरकून. भिंतभर तबकड्या त्येच्याकडं. दोन मशिनी शेजारी शेजारी, एका कानात चालू गाणं, दुसऱ्या कानात येणारं, आन् बोटानं तबकडी धरून ठेवायची, ताल जुळला की सोडायची. लवकर सोडली की चाचा म्हणे नक्को, उशिरा सोडली की नक्को. माझी बोटं भाकरी थापून जाड, म्हणे ये उंगली है के मुसळ. पण शिकवलं. ऐकायला मला त्या माणसानं शिकवलं, हे खरं.

आता तुम्ही म्हणाल मग तबकडीवरच कामून नाय वाजवत. बघितलं ना वाजवून. एका हळदीला चाचासकट त्येच्या मशिनी नेल्या. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. बाया नाचल्या की स्टेज हालायचं आन् सुई टुणकन उडायची, गाणं पहिल्या कडव्यातून एकदम शेवटाला. धूळ अशी की सुईला बोंडाएवढा गोळा. आन् एक तबकडी उन्हात राहिली ती पापडावानी वाकडी झाली. चाचानं ती हातात घेतली, पुसली आन् परत खोक्यात ठेवली. म्या त्याच दिवशी ठरवलं, आपला लॅपटॉप बरा. चाचा म्हणे वो मशीन सुनेगी, तू सिर्फ देखेगी. म्या म्हणलं त्यात ताल जुळवायचं बटन असतंय, मी ते दाबणार नाय, कानानंच जुळवीन. त्येला काय पटलं नाय. लई दिवस बोलला नाय माझ्याशी.

मग एक वर्ष असं आलं की प्यायलाच पाणी नव्हतं, लोकांनी लग्नं पुढं ढकलली, गाडी दारात उभी. त्याच वर्षी बायपासला एका बिल्डरच्या पोरानं हॉटेल काढलं, तिथं मात्र कारंजं. त्यानं माझा हळदीतला व्हिडिओ मोबाईलवर बघितलेला. म्हणे ताई, रविवारी दुपारी येत जा, नऊवारी, नथ, आन् समोर दोन तबकड्या. म्या म्हणलं नवी गाणी तबकडीवर कुठं मिळतेत हो. तो हसला. टेबलाखाली पेनड्राइव्ह लावलेला, आवाज तिथून. वर तबकड्या नुसत्या फिरायच्या, त्येंना वायरच नाय. म्हणे लोकांना फील येतो. घरात दोन लेकरं, सासू, गाडी बंद, मी हो म्हणलं. बसवलेल्या गौरीवानी उभी राहायची आन् तबकडीला उगं बोट लावायची. समोर लोक डोळे मिटून माना हालवायचे. कशावर हालवतेत ते त्येंनाच ठावं.

एका रविवारी एक साहेब आला, दाढी, जाड काड्यांचा चष्मा, कुठल्या तरी कंपनीत मोठ्या जागेवर. टेबलाला टेकून म्हणे मॅडम, हेच ते, कॉम्प्युटरमधी जीव नसतो, तबकडीचा आवाज कसा उबदार असतो, सुईची ती खरखर ऐका, आम्हाला लगेच फरक कळतो. मी त्येच्याकडं बघितलं. भाकरी उबदार असती, गोधडी असती. आन् खरखर म्हणाल तर ती त्येच्याच डोक्यात. हात पुढं केला आन् त्येच्या डोळ्यांदेखत सुई उचलली. गाणं चालूच. तो सुईकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय, स्पीकरकडं बघतोय. मला वाटलं आता लाजंल. तर टाळ्या वाजवायला लागला. म्हणे वा, हे कसं केलं तुम्ही. बायकोला हाक मारली, म्हणे ये, परत एकदा दाखवा हिला.

ते बिल्डरच्या पोरानं बघितलं. आत बोलावून म्हणे उद्यापासून येऊ नका. म्या म्हणलं उद्या सोमवार आहे, तसंबी येत नव्हते. नऊवारीतच बायपासला रिक्षाची वाट बघत उभी राहिले, घरी आले. मालक म्हणे गप राहिली असती तर कुणाला कळलं असतं. म्या म्हणलं उचलली तरी कुणाला कळलं.

पुढं पाऊस झाला, लग्नं लागली, गाडी परत निघाली. अजून लॅपटॉपच वाजवते, ते बटन दाबत नाय, आन् दाबलं काय, न दाबलं काय, फरक कळणारं लग्नात कुणी नसतंय. गुलमंडीत चाचाच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतेत. चाचा घरीच असतो, मशिनी पलंगाशेजारी. राग कधीच गेला त्येचा. पण कान गेले आता. तरी मी गेले की तबकडी लावतो, मशिनीच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवून बसतो, मधीच विचारतो चालू है ना. मी मान हालवते. संपेस्तोवर बसते मग. कामं पडलेली असतात, तरी बसते. काल म्हणे कल कहाँ है प्रोग्राम. म्या खुणा करून सांगितलं, वेरूळला, हळद आहे. म्हणे सर पे पल्लू लेके खडी रह, धूप बहोत है. म्या म्हणलं हौ चाचा.