पंचवीसच्या जागी बासष्ट

...अहो, भल्यासाठी लिहलं मी! भल्यासाठी! आता तुम्ही म्हणसान, गुरुजी, येवढं तापाले काय झालं, ऊन काय कमी हाये काय? पण ऐकून तं घ्या! चौतीस वर्सं पोराईच्या वह्या तपासल्या म्या, लाल पेनानं, अन् कोण्या लेकराचं वाटोळं झालं नाही. झालं तं दोन-चार मार्क कमी झाले, घरी बापानं दोन देल्ल्या असतीन, बस! अन् रिटायर झाल्यावर एक फॉर्म काय भरला, एकच फॉर्म, खरा खरा भरला, तं सदतीस माणसं गाडीत बसून...

थांबा. पहिल्यापासून सांगतो, नाही तं तुमाले वाटीन मास्तरले ऊन लागलं.

तं आमच्या तालुक्याच्या गावात एक जेल हाये. गावाचं नाव नाही सांगत, उगाच कोणाची बदनामी नको. ज्याईचा निकाल लागला नाही, कोर्टात तारीख पे तारीख चालू हाये, असे लोक तिथं कोंडून ठेवते. कागदावर त्याले उपकारागृह म्हणते, आम्ही आपले जेलच म्हणतो. अन् ते जेल नियमात चालते का नाही हे पाहाले एक समिती असते, अन् त्या समितीत एक सरकारबाहेरचा प्रतिष्ठित नागरिक लागते. गावात प्रतिष्ठित लय हायेत हो, पण रिकामा मी एकटाच! झालो मेंबर. फोटो आला पेपरात, आमच्या पुष्पांजलीबाईनं तो फ्रिजले चिटकवला.

काम काय? फॉर्म भरायचा. चौतीस मुद्दे. 'बंद्यांस पिण्याचे शुद्ध पाणी उपलब्ध आहे काय? बराकीत पुरेसे पंखे आहेत काय? प्रत्येक बंद्यास अंथरुण-पांघरुण आहे काय?' पुढं दोन चौकोन, आहे अन् नाही. मी जायचो, जेलर शेषराव साहेब दरवाज्यात उभे, 'या गुरुजी, या!' फिनाइलचा वास, अंगण शेणानं नाही पण तसंच सारवल्यावाणी साफ, अन् एका साली तं तुमाले सांगतो, जेलच्या फाटकासमोर रांगोळी! म्हणलं हे काय, इथं कोणाचं लगन हाये? बरं, मी आतमंदी पाहायचो, पंखा हाये, पाणी हाये, सतरंज्या हायेत... आहे, आहे, आहे. मंग पोहे, मंग चहा, मंग घरी. दोन वर्सं असा चौतीसपैकी चौतीसचा पास करून राह्यलो मी त्याईले!

आता या मे महिन्याचं ऐका. बेचाळीस-त्रेचाळीस ऊन. सकाळी घरी पाणी प्याले गेलो तं फिल्टर जागेवर नाही. स्टीलचा फिल्टर, वरतून पाणी टाकायचं, खालून तोटी. म्हणलं, 'पुष्पांजली, फिल्टर कुठं गेला व?' तं म्हणते, 'कँडल घासाले देल्ली.' म्हणलं कँडल घासाले अख्खा फिल्टर काऊन द्या लागते? तं म्हणते, 'तुमाले उशीर नाही होऊन राह्यला काय?' नवरा जाऊन राह्यला सरकारी कामाले, अन् बायको त्याले घाई करून राह्यली, मले तवाच समजाले पाहिजे होतं! पण नाही समजलं.

गेलो. बराकीत गेल्या गेल्या थंडगार वारा. ह्या येवढा कूलर! म्हणलं, वा शेषराव साहेब! जवळ गेलो तं कूलरवर लाल अक्षरात लिहलेलं, 'वर पक्ष.' अहो, बिछायतवाल्याचा कूलर! लगनात मांडव देते ना तो, त्याचा! सतरंजीचा कोपरा उलटला तं मंगल कार्यालयाचा शिक्का! तरी मी म्हणलं, असो, कोणी दान देल्लं असीन, आपण चांगलं मनात आणावं. केली 'आहे' वर खूण. मंग पाणी. कोपऱ्यात स्टुलावर फिल्टर, चकचकीत, वर फुलाची माळ बी घातलेली! म्हणलं स्वतः पिऊन पाहू. गिलास लावला, वाकलो, तोटी फिरवली, अन् डोयासमोर काय? 'सेवापूर्तीनिमित्त सप्रेम भेट, श्री. ज्ञानेश्वर गुरुजी यांस, समस्त ग्रामस्थांतर्फे.'

अहो, माहाच फिल्टर! माह्याच सत्काराचा! माणसानं आपल्याच घरच्या पाण्याले सरकारी सर्टिफिकेट द्यावं काय? इतकी लाज मले लगनात बी नाही वाटली! मागं पाह्यलं तं शेषराव साहेब भिंतीकडं पाहून राह्यले. झालं असं, की त्याईच्या घरच्या अन् आमच्या घरच्या एकाच भजनी मंडळात. तपासणी आली की शेषरावची बायको गावात उसनवारी कराले निघते, लगनघरासाठी जसे आपण शेजारचे गंजं-पराती आणतो ना, अगदी तसंच! अन् गाव बी देते हो! आपल्या घरचं कार्य समजून देते! गेल्या साली उशा कोणाच्या होत्या म्हणता? आमच्याच!

म्हणलं, 'साहेब, दोन वर्सं तुम्ही मले उल्लू बनवून राह्यले?' तं तो बिचारा मले ऑफिसात घेऊन गेला. कपाटातून फाइल काढली. म्हणे, 'गुरुजी, सात पत्रं लिहली म्या वर. पंखे द्या, कूलर द्या, पाण्याची सोय करा. त्याईचं उत्तर वाचा.' वाचलं. काय लिहलं होतं? 'आपल्या कारागृहाच्या तपासणी अहवालानुसार पंखे व शुद्ध पाणी उपलब्ध असल्याने नवीन मागणीची आवश्यकता दिसून येत नाही.' तपासणी अहवाल कोणाचा? माहा! सही कोणाची? माही! म्हणलं, मंग उसनं काऊन आणता बाबा, रिकामं दाखवा ना! तं म्हणे, 'रिकामं दाखवलं तं मले मेमो. सप्टेंबरात रिटायर होऊन राह्यलो गुरुजी, मले घरी जाऊ द्या.' वाईट माणूस नाही हो तो. कैद्याईसाठी घरून मठ्ठा आणते उन्हाळ्यात, म्या डोयानं पाह्यलं.

पण माह्या डोक्यात मास्तर जागा झाला. दोन वर्सं म्या चुकीचा पेपर बरोबर देल्ला! म्हणलं, आज समदं खरं लिहणार, पहिल्यांदा मोजणी. पाटीवर लिहलेलं, क्षमता पंचवीस. दरवर्सी तपासणीच्या दिवशी निम्म्याहून जास्त लोकाईची नेमकी कोर्टात तारीख निघे, पण यंदा कोर्टाले उन्हाळ्याची सुट्टी! समदे आत! बराकीत परत जाऊन मोजले. बासष्ट! पंचवीसच्या जागी बासष्ट! म्हणलं झोपता कसे रे? तं एक जण म्हणते, 'पाळीपाळीनं गुरुजी. अर्धे झोपते, अर्धे उठून बसते.' शाळेत मी पोराईले दोन पाळ्यात शिकवलं, पण झोपेची दुसरी पाळी, हे पहिल्यांदाच ऐकलं!

भिंतीले टेकून एक म्हातारा बसलेला. मेहबूबभाई, उंद्रीचा, गाद्या-रजया भरणारा. जलमभर कापूस पिंजला, छातीत दमा. वावराच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात नाव आलं, चौदा महिने झाले, निकाल नाही. गावाच्या लोकाईले मऊ गाद्या भरून देल्ल्या त्यानं, अन् सोता बसून झोपते! मले गलबलून आलं हो. म्हणलं, मेहबूबभाई, काळजी करू नको, मी समदं लिहून राह्यलो. तं त्यानं माहा पेनाचा हात धरला. 'सरजी, पंखा लिखो, पानी लिखो. गिनती मत लिखो.'

म्हणलं काऊन? तं म्हणते, 'पंचवीसच ठेवतीन ना मंग! बाकीच्याले दूरच्या जेलात धाडतीन. इथं कसं हाये, सोमवारी बाजार, अन् सोमवारीच मुलाकात. माही घरवाली नूरबी बाजाराले अंडे घेऊन येते, इकून झाले की इथं येते. वीस मिनिटं बोलते. बकरी ब्याली, नातू जावेदनं शाळेत जाणं सोडलं मंग पुन्हा धरलं, छप्पर गळते... सरजी, त्या वीस मिनिटावर मी हप्ताभर साँस घेतो. जागा नको मले. मी बसून झोपतो, मले सवय झाली.' अन् त्याच्या मागं समदे उभे, तेच म्हणून राह्यले, 'गुरुजी, पंचवीसच लिहा! आम्ही पंचवीसच हावो!' बासष्ट माणसं एका सुरात सांगून राह्यली की आम्ही पंचवीस हावो! असं गणित म्या चौतीस वर्सात कोण्या ढ पोराकडून ऐकलं नव्हतं.

आता ऐकाले पाहिजे होतं ना मी? जोडा ज्याले चावते त्याले इचारून राह्यलो, तो सांगून राह्यला, अन् मी काय म्हणलं? 'मेहबूबभाई, तुले नियम नाही समजत. सरकार जागा वाढवीन, नवीन बराक बांधीन. मी हावो ना!' मी हावो ना! कोण रे तू? लिहलं. 'आहे' वरची खूण खोडून, पंखे नाही. पाणी नाही. बासष्ट. अन् खाली शेरा, माह्या मोत्यावाणी अक्षरात, 'विशेषतः वयोवृद्ध व दमेकरी बंदी मेहबूब यांच्याबाबत तात्काळ उपाययोजना व्हावी.' तात्काळ खाली दोन रेघा! भल्यासाठी लिहलं हो मी!

अन् आयुष्यात पहिल्यांदा सरकार तात्काळ हललं! आमच्या रस्त्याच्या खड्ड्यासाठी सहा वर्सं अर्ज करून राह्यलो, एक खडा नाही पडला, अन् इथं? अकरा दिवसात आदेश! पंखे आले, कूलर आला, मशीनचं पाणी आलं. शेषराव साहेबाले मेमो बी नाही. नवीन बराक? ती कायले? 'क्षमतेपेक्षा अधिक असलेले ३७ बंदी अन्य कारागृहात वर्ग करण्यात यावेत. अहवालातील शेऱ्यानुसार बंदी मेहबूब यांस प्रथम प्राधान्य द्यावे.' प्रथम प्राधान्य! माह्याच दोन रेघा! वरतून मले आभाराचं पत्र, 'आपल्या निरीक्षणामुळे कारागृह मानकांची पूर्तता झाली.' पुष्पांजलीबाई ते पत्र बी फ्रिजले चिटकवाले निघाल्या. म्हणलं, राहू दे व.

सोमवारी बाजाराच्या दिवशी दुपारी दार वाजलं. पाह्यलं तं नूरबी. डोक्यावर पदर, हातात रिकामी टोपली, चपलीवर सारी धूळ. जेलच्या फाटकातून शेषराव साहेबानं तिले माह्याकडं धाडलं होतं, लिहणारा मीच होतो ना! मले वाटलं, आता शिव्या देईन. म्हणलं दे बाई, मी ऐकतो. अहो, शिवी नाही, रडणं नाही. पाणी पेली, अन् म्हणते, 'गुरुजी, तुमी नकाशा शिकवत होते ना? मेरे कू दिखाव, वो नये जेल का गाव कहाँ पडता?' दाखवला नकाशा. बोट ठेवलं उंद्रीवर, अन् तिथून सरकवत सरकवत नेलं. तिची नजर माह्या बोटासंगं चालून राह्यली, अन् बोट थांबेच ना! म्हणे, 'इत्ता दूर?' तवा मले इतकी लाज वाटली, तुमाले सांगतो, की नकाशाची घडी नीट बसेना माह्यानं.

मंग काय, म्या म्हणलं, चला नूरबी, मीच घेऊन जातो. पहाटे जीप, मंग एस्टी, मंग दुसरी एस्टी, तिच्यात उभं राहून. रस्त्यानं ती मले समजावून राह्यली, 'गुरुजी, तुमी बुरा मत मानो, तुमचा इरादा चांगला होता.' मले! मले समजावून राह्यली! अंडे इकाचा बाजार बुडवून आलेली बाई!

पोहोचलो. मोठं जेल, हे येवढ्या भिंती. अर्ज, आधार कार्ड, लाइन, तीन तास. मंग जाळीच्या पल्याड मेहबूबभाई आला. नूरबीनं बकरीपासून सुरू केलं, मी मागं सरून उभा राह्यलो, त्याईच्या वीस मिनिटात आपण काऊन घुसावं? पण शेवटी त्यानंच मले बोलावलं. म्हणलं, मेहबूबभाई, माफ कर बाबा. कसं हाये इथं? झोपाले जागा मिळते काय? तं इकडं-तिकडं पाहून जाळीजवळ तोंड आणलं, अन् हळूच म्हणते, 'सरजी, पुढच्या महिन्यात इथं बी तपासणीवाले येऊन राह्यले. तुमची वळख असीन तं त्याईले सांगजा, पंखा है, पानी है, जागा है, गिनती बी बराबर है. काऊन की यहाँ से आगे धाडलं ना, तं नूरबी को उसी दिन वापस आने की एस्टी नाही.'

त्याच्या पाठीमागं बराकीचा दरवाजा उघडा होता. सवय वाईट, मी मोजाले लागलो होतो. ...एकोणतीस, तीस, एकतीस... अन् दरवाज्यातून दिसून राह्यली होती फक्त पहिली रांग. थांबलो. पेन खिशात घातला.

म्हणलं, हाव मेहबूबभाई. सब बराबर है.