सत्काराची शाल

संजय : इथं आखातात, अख्ख्या अल कुसैसमध्ये शाल घालून सत्कार झालेला मराठी माणूस मी एकटाच.

वासंती : नारळ दिला नाही म्हणून गाडीत केवढी कुरकुर केलीत!

संजय : इंडोनेशियात नारळ मिळत नसेल.

तनया : बाबा, प्लीज. नारळच नारळ आहेत तिथे.

संजय : असो. आपल्या बिल्डिंगमधल्या वुलाननं, साक्षात वरमाईनं, स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या अंगावर घातली. मग दोन शब्द बोलावेच लागले.

वासंती : दोन? लोकांची बिर्याणी गार झाली.

तनया : बाबा, खलास. लिफ्टमध्ये वुलान आंटी भेटली. तो सत्कार नव्हता. शी वॉज कव्हरिंग युवर शर्ट.

संजय : का? तिनंच दिलेलं बाटिक. त्यांच्या लग्नात त्यांचंच कापड घालून गेलो. केवढा मान दिला!

तनया : एव्हरी पॅटर्न हॅज अ जॉब, बाबा. नवरा-नवरीचं वेगळं, त्यांच्या आईबाबांचं वेगळं. तुमचं स्लोबोग. इट्स फॉर फ्युनरल्स.

वासंती : अगं बाई! मीच रोल्लाच्या शौकतकडे शिवायला टाकलं. वर कॉलर कडक कर म्हटलं.

संजय : मयताचं कापड आपल्याला कशाला दिलं तिनं? आपल्याकडे कोण...

वासंती : अहो, गेल्या वर्षी आई गेल्या, त्या संध्याकाळी ती दारात आली होती. तुम्ही अबुधाबीच्या टेंडरच्या कॉलवर होतात. हेडफोन न काढता ‘थँक यू, थँक यू’ म्हणालात आणि पुडकं चपलांच्या कपाटावर ठेवलंत.

तनया : शी मेड इट हरसेल्फ. मेण लावून, हातानं. गेलेल्या माणसाची वाट मोकळी व्हावी, असा अर्थ असतो त्याचा. आजीसाठी होतं.

संजय : मी नवरा-नवरीच्या मधे उभा राहून फोटो काढलाय गं.

तनया : ऑल ऑफ देम, बाबा. तुम्ही सगळ्या फोटोंत आहात.

वासंती : शाल इस्त्री करून ठेवलीय. जाऊन देऊन या.

संजय : तनू, तू जातेस? तुला ती लाडानं...

तनया : नो, बाबा.

संजय : (शाल हातात घेत) बरं. मीच जातो. फार चिडलीय का?

तनया : नाही. एकच विचारलं तिनं. आजीला निरोप देताना बाबांनी ते कापड अंगावर घेतलं होतं ना?

संजय : मग? तू काय सांगितलंस?

तनया : काही नाही. आपला मजला आला.