तीन झटपट क्लिक

नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, त्याची बसवरची नोकरी वाचली, म्हणून ब्लांका सकाळीच गरम चिपा, म्हणजे चीजचे पाव, घ्यायला रांगेत उभी होती. तिच्या मागे दोघं हुज्जत घालत होते. एक लॅबवाले डॉक्टर, दुसरा त्यांना प्रोग्रॅम लिहून देणारा देर्लिस.

“प्रिंटर रखडला म्हणून वैतागून प्रिंटचं बटण टकटकटक दाबलं, तर भलतीच खिडकी उघडली! रिपोर्टचे आकडे बदलायची!”

“चाचणीसाठी होती, डॉक्टर. काढायची राहिली.”

“राहिली की ठेवलीस?”

“आईशप्पथ राहिली! पहिल्या क्लिकला आत टायमर सुरू होतो. सेकंदाच्या आत आणखी दोन क्लिक आले तरच ती उघडते, नाहीतर मोजणी परत शून्यावर. शांतपणे दाबणाऱ्याला ती दिसायचीच नाही.”

“मग काल आपली काउंटरवरची सुनिल्दा टकटकटक काय वाजवत होती?”

“घाईत असेल.”

“ती? एक तेरेरे प्यायला तासभर लावते ती! आणि समोर उभा कोण, तर एक बसवाला. तिला चॉकलेटचा डबा देऊन हसत गेला.”

“…मी तिला एकदाच दाखवलं होतं, डॉक्टर. गंमत म्हणून.”

“बाई, तुमचा नंबर! किती देऊ?” चिपावालीनं विचारलं.

ब्लांकानं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती मागे वळली.

“अहो डॉक्टर, त्या बसवाल्याला मिशा होत्या का हो?”