खालच्या रांगेतलं तिसरं चित्र

मी मूळचा खाप्याचा. बुढा माहा मागावर लुगडे विणे, माय कांड्या भरे, अन् आम्ही पोट्टे त्या खटखटीतच वाढलो, अजूनही शांत जागी बसलो तं मले काही तरी चुकल्यासारखं वाटते. मंग माग बसले, बुढाही बसला, अन् मी नागपुरात आलो. पयले ट्रकवर क्लीनर, मंग ड्रायव्हर, अन् तिथून बाईची गाडी चालवाले लागलो, त्याले आता चोवीस वर्सं झाले. माह्या दोन्ही पोरीच्या लग्नात बाई मांडवात उभ्या होत्या, काय कमी हाय ते पाहत.

बाई म्हणजे हेडमास्तरीण, आता रिटायर. शाळेत कोणी खोटं बोललं तं बाई मारत नव्हत्या, रागवतही नव्हत्या, नुसत्या त्याच्याकडं पाहत राहत. त्यायचे जुने पोट्टे सांगतात, आता त्यायचेच केस पांढरे झाले, म्हणतात त्यापरीस छडी बरी होती. बाईचे साहेब वारले, त्यायचा पोरगा दादा पुण्याले नोकरीवर, म्हणजे घरात बाई एकट्याच, अन् बाहेरचं सारं माह्या भरवशावर.

अन् मले नागपूर पाठ होतं जी. कोणत्या चौकात कोणत्या टायमाले गर्दी राहते, कोणत्या गल्लीतून निघालं तं रेल्वेचं फाटक टळते, हे मले कोणी विचारावं. नाही समजलं तं पानठेल्यावर गाडी थांबवाची, काच खाली करायची, भाऊ अमक्याचं घर कुठं, का तो माणूस चुना लावता लावता सांगे. आता पुलावर पूल झाले, ठेले उठले. लग्नाच्या पत्रिका तं पहा तुम्ही, पत्ताच नसते, ठिपक्यायचा एक चौकोन राहते, नाही तं मोबाइलवर लोकेशन येते. लोकेशन कोणाले विचारता तुम्ही ठेल्यावर?

दिवाळीत दादा आले अन् नवी गाडी घेतली, मधात हा एवढा मोठा स्क्रीन. दादा म्हणे काका, तुमचा मोबाइल याले जोडायचा, मंग नकाशा यावर दिसते, आई कुठं हाय तेही मले तिकडं समजते. मी म्हटलं बरं. माह्याजवळची केबल लावली तं जुडेच ना, नुसती बॅटरी भरे. दादा म्हणे ही केबल फक्त चार्जिंगची हाय, दुसरी पाहिजे. दुसरी आणली तं मोबाइल परवानग्या मागे, हे करू देऊ का, ते पाहू देऊ का, दादा म्हणे सगळ्याले हो म्हणा काका. मी सगळ्याले हो म्हटलं.

आता खरं सांगतो, तुमाले म्हून सांगून राहिलो. त्या स्क्रीनवर मले काही वाचता येत नव्हतं. त्याच्या दोन-तीन महिने आधीच शुगरनं माह्या डोळ्याचे पडदे खराब झाले होते, मधात डाग आला, काळा नाही, पाणी सांडलेल्या कागदासारखा. सुया झाल्या, लेझर झालं, डॉक्टर म्हणे जे गेलं ते येत नाही, अन् गाडी आजपासून बंद. कांता, माही घरवाली, सोबत होती, तिनं ऐकलं. मी घरी येऊन दुसऱ्या दिवशी तिले सांगितलं का बाईले बोललो, बाईनं मले बागेच्या कामाले ठेवलं, पगार तोच. ती रडली बिचारी, मंग देवापाशी दिवा लावला, अन् तवापासून रोज दिवा लावताना बाईचं नाव घेते. अन् बाईले मी काहीच बोललो नाही. काहून? सोडून करू काय, सांगा न. मले दुसरं काही येतच नव्हतं. अन् रोजच्या रस्त्यावर डोळे कमी लागतात जी, हातपायच गाडी चालवतात, असं मी मलेच समजावत होतो.

त्या स्क्रीनचंही तसंच पाठ केलं. खालच्या रांगेत डावीकडून तिसरं चित्र म्हणजे नकाशा. त्याच्यावर बोट ठेवायचं, मंग ते यंत्र बोलते, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. आठ महिने असे काढले. फोन आला तं मोबाइलवर डाव्या बाजूले बोट लावलं का कटते, तेही बोटाले माहीत होतं. पण गाडीत कधी फोनच आला नाही, कांताले मी सांगून ठेवलं होतं का दुपारी मी झोपतो.

तं बाईच्या एका विद्यार्थ्याच्या पोरीचं लग्न होतं, मौद्याच्या अलीकडे कोणत्याशा लॉनवर. बाई मागं, हातात साडीचा डबा. पारडी सोडली, यंत्र सांगून राहिलं सरळ चला, मी चाललो, अन् स्क्रीनवर फोन वाजला. मी डाव्या बाजूले बोट लावलं. तिथं कटत नव्हतं, तिथं उचलत होतं.

अन् गाडीभर कांताचा आवाज. ऐकता का, डोळ्याच्या दवाखान्यातून फोन होता, सोमवारी बोलावलं. मी त्या सिस्टरले सांगून देलं का गाडी चालवणं तं कवाच सुटलं म्हणा, बाईनं बागेत ठेवलं आमच्या मालकाले. सिस्टर म्हणे अशी माणसं राहिली नाही आता. बाईच्या पायावर डोकं ठेवाले मी एकदा येते म्हणा. अन् तुम्ही उन्हात नोका बसू, डोक्याले दुपट्टा बांधा.

मी कट कराले स्क्रीनवर बोट फिरवत राहिलो. मागून बाई बोलल्या, आवाज एकदम साधा. कांता, मी बोलतेय. दौलत बागेतच आहे, हात मातीचे आहेत त्याचे. नंतर लावेल तो फोन.

कांतानं नमस्कार बाई म्हटलं अन् ठेवला. यंत्र म्हणे सरळ चला. बाई म्हणाल्या गाडी बाजूला घे. मी घेतली. बाई म्हणाल्या, समोर बोर्ड आहे तो वाच. मले काही दिसत नव्हतं, पण त्या रस्त्यावर मी चोवीस वर्सं गेलो, मले माहीत होतं तिथं पेट्रोल पंपाचा बोर्ड हाय, मी म्हटलं पेट्रोल पंप. बाई म्हणाल्या, पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा, असं लिहिलंय दौलत.

लग्नाले आम्ही गेलो नाही. बाईनं फोन करून दुसरा ड्रायव्हर बोलावला, तो येईपर्यंत आम्ही दोघं गाडीत बसून होतो, पुढं मी अन् मागं बाई. शाळा सुटली असन, पोट्ट्यायचा कल्ला ऐकू येत होता. माफी मागाले तोंड उघडलं तं बाई म्हणाल्या, आत्ता नको. तो आत्ता अजून संपला नाही.

उतरताना एवढं म्हणाल्या, उद्यापासून बागेत ये, मी कांताला तसं सांगितलंय. मी गेलो. चार दिवसांत गवत समजून बाईची शेवंतीची सारी रोपं उपटली, बाईनं स्वतःच्या हातानं लावलेली. आता मी फाटकाजवळ खुर्चीवर बसतो. नव्या ड्रायव्हरचा मोबाइल गाडीले आपोआपच जुडते म्हणे, केबलही नाही लागत. हॉर्न वाजला का मी उठतो, कडी चाचपतो, फाटक उघडतो. हेच काम.

कांता दुपारी फोन करते, कुठं हाय म्हणते, मी म्हणतो बागेत. आता ते खरं हाय, तरी मी लवकर फोन ठेवतो. तिले अजून काही माहीत नाही. तुम्ही लिहा, पण माह्या घरी वाचून दाखवू नोका.

ज्या बाईनं उभ्या जन्मात लेकरायले खोटं बोलू देलं नाही, ती माह्यासाठी खोटं बोलली. रोज संध्याकाळी त्या फिरून येतात, फाटकातून आत येताना चपलेचा आवाज माह्यासमोर येऊन थांबते. पाहत असतीन माह्याकडं, त्या पोट्ट्यायकडं पाहत तशा. का दया करून पाहतात, कोण जाणे. मी मान वर करतो, तं चेहऱ्याच्या जागी तो डागच. देव त्यायले शंभर वर्सं देवो. मले तेवढं एक कधीच समजणार नाही.