लोडिंग होत आहे, कृपया थांबा

…आणि ब्रेक लावला की गाडी रुळावरून घसरते! आता मला सांगा, हा ब्रेक आहे की सुरुंग? मी रेल्वेतला माणूस, कलकत्त्यात गार्डन रीचला ऑफिस, तिथेच क्वार्टर, 'गाडी उशिरा का आली' याची उत्तरं लिहिण्यात हयात गेली, आणि मी हा असला आगगाडीचा व्हिडिओ गेम खेळतो! दोघांनी मिळून खेळायचा. आमचा चिन्मय इंजिनात ड्रायव्हर, मी शेवटच्या डब्यात गार्ड. तो न्यू टाउनच्या त्याच्या फ्लॅटवर, मी इथे. हो हो, दोघं एकाच कलकत्त्यात! पण त्याचं ते आयटी, वाटेतला ट्रॅफिक… 'बाबा, एवढं लांब जा-ये करण्यापेक्षा रविवारी ऑनलाइनच भेटू ना!' भेटू म्हटलं. कल्पना चांगली होती हो!

गेमचीही कल्पना चांगलीच होती, तुम्हाला सांगतो. डोंगर, बोगदे, धुकं, चहाचे मळे… बनवणाऱ्याला काय काय करता आलं असतं! आणि केलं काय? गाडीभर प्रवासी, सगळ्यांचा चेहरा एकच. बाई असो, बुवा असो, मिशी सगळ्यांना! कुणाच्याही जवळ जा, एकच वाक्य, 'आज हवा छान आहे.' बोगद्यातसुद्धा! चहावाला दारातून येत नाही, भिंतीतून येतो. आणि मी हिरवा झेंडा दाखवला की एक म्हैस आडवी येते, दर वेळी तीच, हल्ली तर ती मला ओळखते!

आणि लोडिंग! स्टेशन बदललं की पडदा काळा, मध्ये एक चाक गरगर, खाली 'कृपया थांबा'. किती थांबा? एकदा मी तेवढ्यात दाढी करून आलो आणि गाडी सुटेपर्यंत पुन्हा वाढली होती! हसताय काय? खरं सांगतोय!

पण त्या काळ्या पडद्यात काय व्हायचं, सांगू? दोघांच्या कानाला हेडफोन, हाताला काम नाही… मग चिन्मय बोलायचा. 'बाबा, आई पोह्यांत साखर कधी घालायची रे, आधी की नंतर?' अनुराधा गेली त्याला वर्ष होऊन गेलं. समोरासमोर बसून पोरानं कधी तिचा विषय काढला नाही, मीही नाही. आणि पडद्यावर ते चाक फिरायला लागलं की आपणहून बोलायचा… मग मी काय करायचो, गाडी सुटली की हळूच ब्रेक ओढायचो. धडाड धूम! पुन्हा लोडिंग. 'बाबा, किती गाड्या पाडतोस!' 'अरे, चुकून हात लागला!'

इथपर्यंत ठीक होतं. पण मी गप्प बसेन? कंपनीला तक्रार लिहिली. मिशा, म्हैस, ब्रेक, सगळं मुद्देसूद. आणि लोडिंगही घातलं! अहो, मला ते हवं होतं, पण तक्रार लिहायची आणि तिच्यात दिरंगाईचा मुद्दा नाही? हाताला तसं वळणच नाही! ऑफिसातले मजुमदारबाबू पान चघळत म्हणाले, 'कम्प्लेन कोरे की होबे, दादा?' मीही तेच धरून चाललो होतो, तक्रार करून काही होणार नाही! आजवर माझी एक तक्रार कुणी वाचली असेल तर शपथ! नुसती मनातली मळमळ काढायची. कल्पना चांगली होती हो…

तर यांनी वाचली! मूर्खांनी सगळी वाचली! गेम सुधारून आला. बायकांच्या मिशा गेल्या, म्हैस गोठ्यात, आणि लोडिंग? पापणी लवायच्या आत पुढचं स्टेशन! पहिल्याच रविवारी चिन्मय जरा घसा खाकरून म्हणाला, 'बाबा, तुला एक सांगायचं होतं. म्हणजे मी आणि…' टिंग! 'थांब थांब, सिग्नल! नंतर सांगतो.'

मी आणि… कोण? लग्न करतोय? देश सोडून चाललाय? तुम्ही म्हणाल, फोन कर की माणसा! केला ना. 'बोल बाबा, काही काम होतं?' आता 'मी आणि'च्या पुढचं ऐकायचंय, हे काय काम झालं? म्हटलं, 'काही नाही, जेवलास का विचारायला केला.' 'हो, जेवलो.' संपलं! तसा घरीही जाऊन धडकेन हो, पण बाप आला की पोरगं चहा करतं, एसी लावतं, आणि मग आम्ही दोघं त्या एसीकडे बघत बसतो.

शेवटी परवाच्या रविवारी जीव मुठीत धरला आणि ऐन पुलावर ब्रेक ओढला. जाऊ दे अख्खी गाडी नदीत! तर काय… गाडी अलगद थांबली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येकानं वेगळ्या चेहऱ्यानं! पडद्यावर सोनेरी पदक, 'उत्कृष्ट गार्ड'. आणि चिन्मय तिकडून ओरडतोय, 'भारी, बाबा! आता खरा मस्त झालाय गेम, बोलायलासुद्धा फुरसत नाही!'

काल पुन्हा कंपनीला तक्रार लिहिली. रेल्वेच्या माणसानं जन्मात लिहिली नसेल अशी. 'महोदय, आपली गाडी वेळेवर धावते. कृपया तातडीने लक्ष घालावे.'