लंगडणारं बदक

अ‍ॅशलंडच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर खोकं, खोक्यात बदक.

“व्हर्ना, ‘बदक लंगडतंय, काय करू?’ हे महिन्याला नव्वद जण नेटवर शोधतात. आणि त्यावर लिहिणारं कुणीच नाही!”

“म्हणून तू लिहिलंस?”

“अख्खी वेबसाइट काढली! आता शोधलं की माझं पान सगळ्यात वर!”

“डेल, तू बदक कधी पाळलंस रे?”

“गेल्या मंगळवारी. तोवर तीस लेख लिहून झाले होते.”

“मग तुझाच लेख वाचून कर की उपाय. इथे कशाला आलास?”

“वेडी का गं तू? हे खरंखुरं बदक आहे!”

तेवढ्यात काउंटरवरची बाई म्हणाली, “डॉक्टरांनी जन्मभर कुत्री-मांजरंच तपासलीत, बदक पहिलंच. जरा कॉम्प्युटरवर बघून घेतायत. पाच मिनिटं थांबा हं.”

भावाचा फोन टिणटिणला.

“व्हर्ना! आलं गिऱ्हाईक! आत्ता कुणीतरी माझं पान उघडलं!”

“कुठून?”

“इथूनच, अ‍ॅशलंडमधून!”

“डेल, ते बदक उचल आणि घरी चल.”